स्वस्तातलं मशीन

मागच्या श्रावणात एका सकाळी मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "तुझ्या नानांचा आवाज मला आठवत नाय रे आता."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. नाना म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मखमलाबादच्या मळ्यात त्यांनी जन्मभर भाजीपाला आणि झेंडू पिकवला, आणि बांधावरून हाक मारली की तिसऱ्या मळ्यातला माणूस ओ द्यायचा. असा आवाज त्यांच्या बायकोलाच आठवू नये? मी म्हणालो, "काहीतरीच बोलू नकोस." त्यावर ती म्हणाली, "काय बोलायचे ते सगळं आठवतं. कसं बोलायचे ते नाय आठवत. आठवायला गेलं की मधे तुझाच आवाज येतो. आणि तू तर सारखा खेकसतो."

खेकसतो हे खरं आहे. पण त्या दिवशी मला खेकसायलाही सुचलं नाही, कारण मी मनातल्या मनात नानांचा आवाज काढून पाहिला आणि मलाही तो नीट सापडला नाही. शब्द होते, आवाज नव्हता. अकरा वर्षांत मी एकदाही तपासून पाहिलं नव्हतं, या गोष्टीचाच मला जास्त धक्का बसला.

नाना होते तेव्हा त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता. रेकॉर्डिंग वगैरे काही नाही. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या डिस्कमध्ये. त्या लग्नात नानांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक माइकवर म्हटलं होतं. मधेच ओळ विसरले, स्वतःच हसले, "थांबा हो, येतंय" म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. अख्खा मांडव हसला होता. शूटिंगवाल्याने नेहमीप्रमाणे सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवली होती, बोलणं कुणाचंच ऐकू येत नव्हतं. नानांचं मंगलाष्टक तेवढं त्यांनी त्याच्या डोक्यावर उभं राहून जसंच्या तसं ठेवून घेतलं. त्याच शूटिंगवाल्याने "एकदम भारी क्वालिटी" म्हणत ब्लू-रे डिस्क गळ्यात मारली. एक आम्हाला, एक बहिणीला. आम्ही त्याच्या दुकानातच बसून ती एकदा पाहिली आणि घरी आल्यावर आमच्या लक्षात आलं की आपल्या डीव्हीडी प्लेअरवर ती लागतच नाही. नाना म्हणाले, "राहू दे, अल्बम आहे की." तेव्हा माणूस समोर खुर्चीत बसलेला होता, डिस्कची कुणाला पडली होती?

बहिणीची डिस्क सुरतेला बिऱ्हाड हलवताना हरवली. शूटिंगवाल्याने धंदा बंद केला. राहिली ती एक, आमची. नाना गेल्यावर आईने ती कव्हरसकट देवघरात नेऊन ठेवली, देवांच्या टाकांशेजारी. टाक म्हणजे देवादिकांचे आणि पूर्वजांचे चांदीचे पत्रे. रोज त्यांच्याबरोबर डिस्कच्या कव्हरलाही हळदकुंकवाचं बोट लागायचं. मी एकदोनदा हसलो होतो. मग सोडून दिलं.

"मशीन आणतो," मी म्हणालो. "त्यात काय एवढं?"

मेन रोडवरच्या पहिल्याच दुकानात कळलं की त्यात बरंच काही आहे. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाटा-वरवंटा मागितला होता. "काका, आता कोण घेतं ते? टीव्हीला नेट जोडा, सगळं दिसतं."

"नेटवर माझे वडील दिसतात का?" मी विचारलं. त्याची चूक नव्हती, पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

महात्मा गांधी रोडवर चार दुकानं फिरलो. दोघांनी "बंद झालं ते" म्हणून सांगितलं, एकाने होम थिएटर दाखवलं, एकाने पेन ड्राइव्ह मागितला. फोटो स्टुडिओवाल्यांकडे डिस्क उतरवून मिळेल का म्हणून गेलो, तर त्यांनीही ती मशिनं कधीच भंगारात काढलेली. शेवटी माझ्या मुलीने मोबाइलवर शोधून एक नवा प्लेअर दाखवला. किंमत वाचून मी उडालोच. तेवढ्या पैशांत आमच्या घरात नवा टीव्ही आला असता! मी मुळात स्वस्ताचा माणूस. भाजी पिकवणाऱ्याच्या पोटी जन्मून मी कोथिंबिरीच्या जुडीवरही घासाघीस करतो, म्हणून घरच्यांनी माझ्याबरोबर बाजारात येणं सोडलंय. मी म्हणालो, जुना बघू.

जुना मिळाला नाशिक रोडला. एका कॉलनीत सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. सिनेमाचे एवढे हौशी की एक अख्खी खोली डिस्कनीच भरलेली. त्यांच्याकडे दोन प्लेअर होते, एक टीव्हीला जोडलेला भारीतला आणि एक कपाटावरचा, आधीचा. दोन्ही विकायला तयार होते. फोनवर त्यांनी मला शाळाच घेतली. लग्नाची डिस्क ही बाजारातली छापील डिस्क नव्हे, घरी भरलेली असते. काही प्लेअर फक्त छापील डिस्क वाचतात. तेव्हा किमतीवर जाऊ नका, डिस्क घेऊन या, लावून बघू, मग घ्या.

आई डिस्क घराबाहेर द्यायला तयार होईना. बहिणीची हरवलेली तिच्या डोक्यात होती. शेवटी एका अटीवर दिली. "लागती का तेवढं बघ. त्यांचं बोलणं लावू नको. आधी मी ऐकणार."

शनिवारी संध्याकाळी त्या गृहस्थांनी डिस्क भारीतल्या प्लेअरमध्ये घातली आणि पडद्यावर गणपती आला, सनई वाजली, बहिणीचं नाव आलं. पुढे हळद लागत होती. कडेला पांढऱ्या टोपीतले नाना पाठमोरे दिसले, कुणाला तरी हात करून बोलावत होते. वर गाणं चालू होतं. गृहस्थ म्हणाले, "पुढे घेऊ का?" मी म्हणालो, "नको. आईला शब्द दिलाय." आज वाटतं, शब्द कसला पाळत बसलो? दोन मिनिटं ऐकलं असतं, फोनवर भरून घेतलं असतं, तर आईला कळलंही नसतं. पण मी त्या शब्दावर फार खूश होतो.

मग मी माझा बेत सांगितला. भारीतला परवडत नाही, कपाटावरचा द्या. ते म्हणाले, "तोही चालेल, मी त्यावर अशा डिस्क पाहिल्यात. पण त्याची वायर आणि रिमोट शोधायला लागेल. उद्या सकाळी न्या." डिस्क मी घरी आणून आईच्या हातात दिली. "लागते," म्हणालो. आई तिथेच खाली बसली. मग डिस्क उलटसुलट करून म्हणाली, "बोटं उमटलीत हिच्यावर. किती जणांनी हात लावला?" मी म्हणालो, एकानेच, आणि जेवायला बसलो.

रविवारी अकराच्या सुमाराला मी प्लेअर घेऊन घरी आलो. घट बसायला चारच दिवस होते. आमच्याकडे घटाच्या आधी देव उजळायचे असतात. टाक, समई, ताम्हण, निरांजन, सगळं चिंचेच्या कोळाने आणि रांगोळीने घासून लख्ख करायचं. आई न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून गॅलरीत बसली होती. समोर परातीत उजळलेले देव उन्हात ठेवले होते. आणि त्यांच्या मधोमध, पाणी निथळत, डिस्क.

"परक्याचे हात लागले व्हते," आई म्हणाली. "टाकांबरोबर तीबी उजळली. बघ कशी झाली."

प्लेअरचं खोकं काखेत तसंच होतं. डिस्क उचलली तर बोटांना चिंचेचा बुळबुळीतपणा लागला, आणि जी बाजू काल आरशासारखी होती ती गोल गोल ओरखड्यांनी पांढुरकी झाली होती. तिने मन लावून घासली होती, कडेपर्यंत, काथ्याने. माझ्या तोंडात काय काय आलं! कुणी सांगितलं होतं तुला, अक्कल कुठे ठेवली होतीस, सगळं. एवढ्या तेवढ्यावरून घर डोक्यावर घेणारा मी, त्या क्षणी ते सगळं गिळून बसलो. कारण आई हसत होती. अकरा वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"लाव ना," ती म्हणाली.

मी डिस्क सुती कपड्याने पुसली, प्लेअर जोडला. बायको आणि मुलगी येऊन बसल्या. आईने पदर नीट केला, जणू नाना खरोखरच दारातून यायचे होते. डिस्क आत गेली. आतून घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली, डिस्क नाही म्हणून. मी काढली, पुसली, पुन्हा घातली. चार वेळा. मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती.

"काय झालं?" आईने विचारलं. मग बारीक आवाजात, "माझ्या घासण्यानं तर नाय ना काय झालं?"

"छे!" मी म्हणालो. "मशीनच भिकार आहे. काल लागली ती भारीतल्यावर. मी स्वस्तातलं आणलं."

इतक्या सहज खोटं आलं की मीच दचकलो. आईचा चेहरा आधी सुटला, मग लाल झाला. "कवडीचुंबक मेला! बापाचा आवाज ऐकायचा तर तिथंबी घासाघीस? लाज नाय वाटली?" ती बोलत राहिली आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो. बायको माझ्याकडे बघत होती. तिने ओरखडे पाहिले होते. तिने डिस्क काढून कव्हरमध्ये घातली.

त्याच दुपारी आईने मला डिस्कसकट पुन्हा नाशिक रोडला पिटाळलं. भारीतलंच आण, म्हणाली. माझ्याही मनात वेडी आशा होती. गृहस्थांनी डिस्क ट्यूबलाइटखाली धरली आणि त्यांच्या तोंडून "अरे देवा" निघालं. तरी त्यांनी लावून पाहिली. नाहीच लागली. ते म्हणाले, या डिस्कचं सगळं लेखन अगदी वरच्या पापुद्र्याखाली असतं, तोच घासला गेलाय, आता कितीही महागाचं मशीन आणा. मी कोचावर बसून रडलो. पन्नाशीचा माणूस, परक्याच्या घरात, ओळख दोन दिवसांची. त्यांनी पाणी आणून दिलं आणि पंखा लावला. घरी येऊन मी आईला सांगितलं की भारीतलं मशीन त्यांनी सकाळीच दुसऱ्याला विकलं.

नवरात्रात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आईने माझी कीर्ती ऐकवली. मावशीने तोंडावर विचारलं, "एवढं कमावून कुठं नेणारेस?" मी हसून घेतलं. ते सोसण्यासारखं होतं. पण दसऱ्याला बहिणीचा फोन आला. आईने तिलाही सांगितलं होतं, आणि ती माझ्यावर कडाडली. "तुला पैशाचं एवढं असेल तर मी देते. बाहेरून मागवते, सगळ्यात महागातला. दिवाळीत घेऊनच येते. आईला तसं सांगितलंय मी."

मग मला गच्चीवर जाऊन तिला खरं सांगावं लागलं. फोन तुटला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो. "तू ऐकलंस का रे निदान?" तिने विचारलं. मी म्हणालो, "नाही. पाठमोरे दिसले फक्त." तिला हुंदका आला. मग म्हणाली, "आईला कळता कामा नये. मरून जाईल ती."

दिवाळीत बहीण आली ती रिकाम्या हातांनी. आईजवळ बसून, तिचा हात हातात घेऊन तिने अगदी पढवल्यासारखं सांगितलं, की खूप शोधलं, पण ती मशिनं आता कंपन्यांनी बनवायचीच बंद केली, कुठेच मिळत नाहीत. मी दाराला टेकून उभा होतो. वाटत होतं, आता आई आम्हा दोघांकडे बघेल आणि तिला सगळं कळेल.

आईने आमच्याकडे पाहिलंच नाही. ती उठली, देवघरातून डिस्क आणली, पदराने दोन्ही बाजूंनी पुसली आणि मांडीवर ठेवली.

"नसू दे मशीन," ती म्हणाली. "हिच्यात आवाज हाये, तेवढं बास."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी आईला म्हणालो, "हो, आहे ना."