डिक्कीवरचा ‘डी’

आमची पहिली गाडी मी पूर्ण अभ्यास करून घेतली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याहून फरीदाबादला नोकरीला आलेला, आणि घर द्वारकेत, झाडांपेक्षा सिमेंटची पोती जास्त असलेल्या नव्या सोसायटीत. बाजारात सारख्या नव्या गाड्या येत होत्या आणि प्रत्येकीच्या मागे अक्षरांचं शेपूट: एल, एलएक्स, व्हीएक्स! मी सगळी पाठ केली. (परवडणार होती ती जुनीच गाडी, पण पाठांतराला पैसे पडत नाहीत.)

करोल बागेतले गाडीविक्रेते खुरानाजी म्हणाले, “टॉप मॉडल है जी! खर्चा बिल्कुल डीज़ल जैसा!”

मला त्यातलं फक्त ‘डीज़ल’ ऐकू आलं. डिक्कीवर चकचकीत ‘डी’ होताच. कागद माझ्या नावावर होऊन नंतर मिळणार होते, पण अभ्यासू माणसाला कागद कशाला लागतात? घेतली!

“अहो, डिझेल गाडीचा आवाज घरघर येतो ना?” माझी बायको सुलभा म्हणाली. “ही किती शांत आहे.”

“अगं, नवं इंजिन! देशात उदारीकरण झालंय!”

आणि मी रुमालाने डिक्कीवरचा ‘डी’ पुसला.

त्याच आठवड्यात गुडगावच्या एका नव्या कंपनीत सुलभाचा इंटरव्ह्यू होता. दिल्लीत आल्यापासून ती अर्ज करत होती आणि प्रथमच कुणीतरी बोलावलं होतं. ती मोरपंखी सिल्क नेसली. मी ऐटीत गाडी काढली आणि वाटेत पंपावर थांबलो.

“पेट्रोल ना, साहब?”

“डीज़ल! पीछे लिखा है, पढ़ लो!”

त्याने पाठीमागे जाऊन पाहिलं, खांदे उडवले आणि टाकी गच्च भरली.

गुडगावच्या अलीकडच्या कापसहेड्यापर्यंत गाडी नीट गेली. मग तिने उचकी दिली. दुसरी दिली. मग मागून एवढा पांढरा धूर सोडला की मागचा स्कूटरवाला दिसेनासा झाला, फक्त त्याच्या शिव्या येत राहिल्या! शेवटी गाडी रस्त्याच्या मधोमध बसली ती बसलीच.

“आता?” सुलभा म्हणाली. तिचा चेहरा पाहून माझा सगळा अभ्यास वितळला.

मागून विटा भरलेला ट्रॅक्टर आला. सुलभाने हात केला. “भैया, गुड़गांव?”

“आ ज्या बेबे, बैठ ज्या!” ट्रॅक्टरवाला म्हणाला. हरियाणवीत बेबे म्हणजे ताई.

“अगं, साडी...”

“साडी धुता येते!” असं म्हणून ती फाइल छातीशी धरून चाकाच्या वरच्या पत्र्यावर चढली आणि गेलीसुद्धा!

मी गाडी कडेला ढकलली आणि एसटीडी बूथवरून खुरानाजींना फोन लावला.

“डीज़ल?” ते किंचाळले. “पेट्रोल गाड़ी है जी! डी मतलब डीलक्स!”

“मतलब डीलक्स तो है ना?” मी शेवटची आशा धरून विचारलं.

“वो... सिर्फ़ डिक्की जी। एक्सीडेंट के बाद दूसरी गाड़ी की लगाई थी।”

म्हणजे मी एक डीलक्स डिक्की घेतली होती, आणि तिच्यापुढे एक साधी गाडी फुकट मिळाली होती!

संध्याकाळी टाकी रिकामी करून घेत मी गाडी बसली तिथल्याच, रस्त्याकडेच्या गॅरेजच्या बाकड्यावर बसलो होतो, तेवढ्यात समोर रिक्षा थांबली. सुलभा उतरली. साडीवर विटांचा लाल धुरळा, आणि चेहरा नुसता उजळलेला!

“मिळाली?”

“मिळाली! साहेबांनी मला खिडकीतून ट्रॅक्टरवरून उतरताना पाहिलं होतं. म्हणाले, ‘आप तो रोज़ पहुँच जाएँगी!’”

मी भर गॅरेजमध्ये टाळ्या वाजवल्या.

पहिल्या पगारात तिने ड्रायव्हिंगचा क्लास लावला. आता गाडी तीच चालवते. पंपावर पोचलो की म्हणते, “तुम्ही काही बोलू नका. काच पुसा.”

मी पुसतो. पंपावरचा माणूस परवा म्हणाला, “मॅडम, क्लीनर अच्छा रखा है आपने!” आणि सुलभा म्हणाली, “क्लीनर नहीं है भैया, अभी सीख रहा है!”