आयतु

संगप्पा भालकीकडून आमच्या गावात आला तेव्हा त्याच्याजवळ पत्रा कापायची कातर होती आणि तोंडात एक कन्नड शब्द: आयतु. म्हणजे झालं म्हणून समजा. बादली गळते म्हटलं की तो "आयतु" म्हणायचा आणि संध्याकाळी बादली तयार असायची. गावातल्या दीडशहाण्यांनी त्याचं नाव 'आयतप्पा' पाडलं. पारावर बसून आयतं खाणारे हे, आणि नाव ठेवलं राबणाऱ्याला! माझं शिलाईचं दुकान त्याच्या शेजारीच, रोज ऐकायचो.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र सगळ्यांना आयतप्पा आठवला. फुटक्या भांड्यातलं पाणी घरी पोचेपर्यंत अर्धं व्हायचं. संगप्पा टँकरच्या रांगेशेजारीच शेगडी पेटवून बसला आणि येईल त्याच्या भांड्याला फुकट झाळ लावून देत राहिला. भीमनगरच्या नागुबाईची बादली तो पाटलांच्या घागरीआधी घ्यायचा, कारण ती आधी आलेली असायची. एवढ्यावर भीमनगरानं त्याला नगरपालिकेत निवडून दिलं.

"आमाला फकस्त नळ द्या, दादा," नागुबाई म्हणाली.

"आयतु," संगप्पा म्हणाला.

मग लातूर जिल्हा झाला. आमच्या तालुक्याच्या गावातही साहेबांचे बंगले उठले. संगप्पाला कोट लागला, मीच शिवला. अध्यक्ष त्याला 'संगप्पाशेठ' म्हणायचे आणि हा विरघळायचा. मला त्याची कीव यायची, चीडही यायची. भीमनगरसाठी मंजूर झालेली पाइपलाइन बंगल्यांकडे वळवायची, असं एका सभेत निघालं. अध्यक्षांनी हसून विचारलं, "काय संगप्पाशेठ?"

"आयतु," तो म्हणाला.

सवयीनं निघालं तोंडातून, असं मला नंतर सांगत होता. असेल. पण हात वर केला, तोही सवयीनंच?

पुढच्या निवडणुकीत तो पडला. कोट खुंटीला गेला, कातर पुन्हा हातात आली, पण गिऱ्हाईक फिरकेना. एका उन्हाळ्यात नागुबाई गळकी बादली घेऊन आली. अजून लांबच्या हापशावरूनच पाणी आणत होती. संगप्पानं लगबगीनं बादली घेतली, उजेडात धरून बूड पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा फुलला होता.

"आक्का, सांजच्याला घिऊन जा. आयतु."

नागुबाईनं बादली त्याच्या हातातून काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या, दादा. गळकीच बरी हाय."