चौथीच्या वर्गाचा माठ

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि सत्यभामाबाई शाळेचा रांजण भरत आहेत. विहीर हाकेच्या अंतरावर आहे. घागर कमरेवर, पदर खोचलेला. रांजण भरला की त्या शेजारचा लहान माठ भरतात. रांजणातले पाणी सगळ्या शाळेला प्यायला. माठातले पाणी फक्त चौथीचे, आणि ते गिळायचे नाही.

मेहकर तालुक्यात डोणगावच्या अलीकडे बोरखेडी हे लहान गाव आहे. तिथल्या शाळेला एक खोली, एक फळा आणि एकच शिक्षिका. पहिली ते चौथी हे चारही वर्ग बाई एकट्या शिकवतात. त्या मूळच्या लोणारच्या. नवरा लवकर गेला. वडिलांच्या घरी राहून त्यांनी सातवीची परीक्षा दिली. त्या परीक्षेबद्दल त्या एवढेच सांगतात की पेपर तपासणाऱ्याने त्यांच्या कपाळाकडे पाहिले नाही.

चार वर्ग एका खोलीत म्हटल्यावर बाईंनी कानावर काम चालवले. पहिलीच्या पोरांचे हात धरून अक्षरे गिरवून घेताना बाकीच्या वर्गांकडे त्यांची पाठ असे. म्हणून सगळ्यांनी गणित मोठ्याने करायचे, असा नियम होता. हातचा चुकला की बाई मागे न वळता म्हणत, "पुन्हा." ज्याचे गणित ऐकू आले नाही, त्याचे ते झालेच नाही. पूर्वी बोरखेडीवरून जाणाऱ्या माणसाला रस्त्यावरच पाढे ऐकू येत.

जिल्हा परिषद स्थापन होऊन तीन वर्षे झाली, तरी चौथीची केंद्र परीक्षा जुन्याच रीतीने चालते. आसपासच्या गावांची मुले एका मोठ्या शाळेत आणायची, सगळ्यांना एकच छापील पेपर द्यायचा आणि जो पास होईल तोच पाचवीत. ही परीक्षा ठेवावी की बंद करावी, यावर गेल्या हिवाळ्यात शिक्षकांच्या बैठकीत वाद झाला. शेजारच्या गावचे नीळकंठ मास्तर विरुद्ध बोलले. ते तरुण आहेत, ट्रेनिंग करून आलेले आहेत. पेपर शहरात बसून काढतात, त्यात आगगाडीची गणिते घालतात, आणि इकडच्या पोरांनी गाडी फक्त चित्रात पाहिलेली असते, असा त्यांचा मुद्दा होता.

"मलकापूरच्या पोराच्या दारातून गाडी जाते. तुमच्या चौथीतल्या सोजरानं पाह्यली का कधी?"

"नाई पाह्यली," बाई म्हणाल्या. "पण तिनं एकही गाडी उशिरा पोचवली नाई, मास्तर."

बैठक हसली. बाई मात्र हसवण्यासाठी बोलल्या नव्हत्या. त्यांना ही परीक्षा हवी होती, आणि त्याचे कारण सोजराचे वडील उकंडराव हे होते.

उकंडराव वांगी आणि मिरच्या पिकवतात. सोजरा त्यांची थोरली मुलगी. तिला पाचवीसाठी डोणगावला पाठवा, असे बाई वर्षभर त्यांच्या मागे लागल्या होत्या. उकंडरावांचे म्हणणे साधे होते. बाईंचा पोरीवर जीव आहे, हे गावाला माहीत. मग बाईंनी पास केले त्यात काय आले?

"तुमी पास केलं तं ते घरचं पास झालं, बाई. सायबानं पास करू द्या, मी सोता गाडीत बसवून नेतो. नाई झाली तं मळ्यात हात हायेतच कमी."

मार्चमध्ये बाई सोजराला घेऊन केंद्राच्या गावी गेल्या. आदली रात्र तिथल्या शाळेच्या ओसरीवर काढली. सकाळी पेपर सुरू झाला. पहिले गणित सोपे होते. सोजराने ते जमेल तितके ओठ दाबून सोडवले. दुसऱ्यात ती रमली. आणि रमल्यावर तिने तेच केले जे ती चार वर्षे करत आली होती.

"सतरा चोक अडुसष्ट, आठ मांडले, हातचे सहा."

मागच्या बाकांवर टाक थांबले, मग भराभर चालू लागले. पुढचा आकडा तिने आणखी मोठ्याने सांगितला. ओसरीवर बसलेल्या बाईंना तो स्पष्ट ऐकू आला, आणि उत्तर बरोबर आहे हे आधी लक्षात आले. ते कुठे बोलले गेले, हे त्यानंतर. तोवर सोजराचा पेपर काढून घेतला होता. दुसऱ्यांना उत्तरे सांगितली, असा त्यावर शेरा पडला.

विस्तार अधिकारी भालचंद्र साहेब समजूतदार होते. त्यांनी बाईंना बसायला सांगितले, मुलीला दोन-चार तोंडी प्रश्न विचारले आणि म्हणाले, "हिला येतं आहे. मी माझ्या अधिकारात पास करतो. विषय इथेच मिटवू."

नीळकंठ मास्तर दाराशीच उभे होते. त्यांनी बाईंना हो म्हणण्याची खूण केली.

"नको साहेब," बाई म्हणाल्या. "तिच्या बापाले म्या सांगितलं हाय का पेपर सगळ्याइले सारखा असते. हे त्याले समजल्याबिगर राहणार नाई. तिच्या मागं अजून पोरी हायेत."

गोवर आलेल्या मुलांसाठी एप्रिलमध्ये फेरपरीक्षा होती. साहेबांनी सोजराला तिच्यात बसू दिले. पुन्हा आवाज आला तर मात्र काही करता येणार नाही, हेही सांगितले.

येताना नीळकंठ मास्तर बाईंच्या बाजूने चालत होते. आता तरी परीक्षा वाईट म्हणा, असे ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "मोठ्यानं बोलाले तिले मीच शिकवलं."

गप्प बसणे शिकवायला बाईंना गणितापेक्षा जड गेले. ओठांवर बोट ठेवायला सांगितले, तर सोजरा बोटाआडून बोले. फडक्याची कड दातांत धरायला दिली, तर ती फडक्यातून बोले. आपण बोलतो आहोत, हे तिच्या कानावरच जात नसे. एकदा रडली. बाईंनी तिला घरी पाठवले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तिच्या घरी गेल्या.

उकंडराव मळ्यात होते. सोजराची आई गीताबाई कांदे चिरत बसली होती. बाईंनी काही विचारले, गीताबाईने नुसती मान हलवली. पुन्हा विचारले, पुन्हा मान. शेवटी ती उठली, परसात जाऊन तोंडातले पाणी थुंकून आली आणि म्हणाली, "कांदा डोयाले झोंबत नाई बाई, तोंडात पाणी धरलं का."

त्या दिवसापासून सोजरा तोंडात पाण्याचा घोट धरून गणिते करू लागली. सुरुवातीला पाटी भिजली, फ्रॉक भिजला, पहिलीची पोरे हसून लोळली. मग पाटी कोरडी राहू लागली.

फेरपरीक्षेच्या दिवशी ती ओसरीवरच्या मडक्यातून घोट घेऊन आत गेली. पर्यवेक्षकांनी नाव विचारले. तिने पेपरवरच्या नावावर बोट ठेवले. त्यांनी पुन्हा विचारले, तिने पुन्हा बोट ठेवले. ते बाहेर आले.

"मुलगी मुकी आहे का हो?"

"नाई. तिच्या तोंडात पाणी हाय."

ते आत गेले आणि पेपर संपेपर्यंत त्या बाकाकडे फिरकले नाहीत.

घंटा झाल्यावर सोजरा धावत लिंबाच्या झाडाखाली गेली, पाणी थुंकली आणि सगळा पेपर पहिल्या गणितापासून मोठ्याने म्हणू लागली. बाई सवयीने पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. एके ठिकाणी त्या म्हणाल्या, "पुन्हा." सोजराने पुन्हा केले. उत्तर तेच आले. चुकला होता तो बाईंचा कान.

निकाल मे महिन्यात लागला. बाई मळ्यात जाऊन सांगून आल्या. उकंडराव वाफ्यांना पाणी मोडत होते, त्यांनी फावडे खाली ठेवले नाही.

"सायबानं केली पास?"

"हाव. पेपरावर."

"मंग बैल लवकर जुपा लागतीन," ते म्हणाले, आणि दुसऱ्या वाफ्याकडे वळले.

वाद मिटलेला नाही. जुलैच्या बैठकीत नीळकंठ मास्तरांनी तो पुन्हा काढला. परीक्षा पास होण्यासाठी पोरीला तोंडात पाणी धरून बसावे लागते, ती कसली परीक्षा, असे त्यांनी बाईंना सगळ्यांसमोर विचारले. बाईंनी शाळेत एक माठ वाढवला. पहिली ते तिसरी अजूनही मोठ्यानेच गणिते करतात. चौथीची चार मुले रोज एक तास माठातला घोट तोंडात धरून बसतात, आणि तेवढा वेळ बाईंना पहिलीकडे पाठ करून चौथीच्या पाट्या पाहाव्या लागतात.

उद्या शनिवार आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, बोरखेडीची आणि सोजराची डोणगावचीही. उकंडरावांची गाडी सहाला निघेल. रांजण आणि माठ सातच्या आत भरलेले असतील.