चार चौकटींतली नदी

माझं माहेर तिरोड्याच्या बाजूचं, वैनगंगेच्या काठचं. त्यामुळे नागपूरहून येणाऱ्या साप्ताहिकात एकदा सबंध शब्दकोडं नद्यांवरच आलं, तेव्हा मी मनात म्हटलं, आता या कोड्याची खैर नाही.

लढाईचे दिवस होते. गोंदियात आमच्या सासरी धानाचा व्यापार. दुपारी कामं आटोपली की मी कोडं सोडवायची. सासऱ्यांना त्याचं भारी कौतुक, पण खाली नाव ते स्वतःचं लिहीत. घरच्या कर्त्याचं नाव जायचं, ही रीत. बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावं पुढच्या अंकात छापून येत, बाजारात सासऱ्यांच्या हुशारीची तारीफ होई आणि ते मिशीत हसत घरी येत. मी चौथी शिकलेली आणि नाकावर राग असलेली. एकदा तरी माझं नाव छापून यावं, अशी मला हाव होती. या खेपेला सासूबाईंकरवी तसं विचारायचंच, असं ठरवून मी लेखणी उचलली.

बैलगाडी नदी ओलांडते ती उथळ जागा: उतार. खोल, संथ पाणी: डोह. नदीत पोहायला शिकलेल्या पोरीला हे काय विचारायचं! भराभर चौकटी भरल्या आणि एका सूचनेवर हात थांबला. ‘दक्षिणेची गंगा, चार अक्षरं.’ उत्तर कोण चुकेल? पण तेच माझ्या सासूबाईंचं नाव. सासूचं नाव सून घेत नाही, लिहिणं तर दूरच. आजही मी ते लिहिणार नाही. वाचकांना भूगोल येतोच.

कोडं सासऱ्यांपुढे सरकवलं. त्यांनी वाचलं, खाकरले.

"बायकोचं नाव नाही लिवाचो बा मी," म्हणाले. "शेजारच्या मास्तरले बलावू."

माझ्या यजमानांना आईचं नाव लिहायला अडचण नव्हती, पण ते धान घ्यायला चिचगडकडे गेले होते, टपाल निघायच्या आत येणार नव्हते. सासूबाई सूप खाली ठेवून उठल्या.

"घरच्या कोड्याले पराया हात कायले? माझं नाव हाये ना? मंग मीच लिवतो."

त्यांनी जन्मात लेखणी धरली नव्हती. मी पाटीवर चार शब्द लिहिले: गोठा, दाणा, वरण, रीत. म्हटलं, प्रत्येकाचं पहिलं अक्षर तेवढं गिरवा. सापही मेला आणि काठीही मोडली नाही. धानाच्या रोवणीत सरळ ओळ धरणारा त्यांचा हात पाटीवर मात्र वाकडातिकडा चालला. ‘री’ काही केल्या जमेना. चुलीपुढच्या राखेत बोटानं काढून काढून त्यांनी ती जमवली, आणि मगच कागदाला हात लावला. ‘व’ चौकटीबाहेर गेला, पण वाचता येत होता.

सासऱ्यांनी त्या चार चौकटींवरून बोट फिरवलं. मग सासूबाईंना हळूच म्हणाले, "खाली नावबी तूच लिव."

सासूबाईंनी तीच चार अक्षरं पुन्हा लिहिली. माझी विनंती मनातच राहिली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्यांच्याकडे बघून ऊर भरून आला होता, तेही तितकंच खरं.

अंक आला. बरोबर उत्तर देणाऱ्यांत सासूबाईंचं नाव होतं, पुढे गोंदिया. मला ते वाचून दाखवता येईना, म्हणून नुसतं बोट ठेवलं. त्यांनी एकेक अक्षर स्वतःच ओळखलं आणि डोळ्यांना पदर लावला. मला असा अभिमान कधी स्वतःचाही वाटला नव्हता.

थोड्या वेळानं त्या पाटी घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"आता तुझं नाव लिवाले शिकव."

"माझं काऊन?"

"कोडं तू सोडवलं ना वो? पुढच्या बारीले खाली तुझं नाव जाईल, अन् ते मी लिवीन. कोन नाही म्हनते, तेच पायतो."