पडायचं कसं, ते पुन्हा शिकताना

या वयात ज्युदो कशाला, असं कोणी विचारलं तर पद्मजाबाई सरळ सांगत, "पडायची भीती वाटते म्हणून." विचारणारा गोंधळायचा. पडायला घाबरणाऱ्या माणसाने पाडापाडीच्याच खेळात जायचं, हे कुठलं शहाणपण?

वय एक्कावन्न, नोकरी रत्नागिरीतल्या एका शाळेत, विषय भूगोल. दीड वर्षापूर्वी श्रावणात घराच्या वाटेची पाखाडी उतरताना जांभ्या दगडाच्या शेवाळलेल्या पायरीवर त्यांचा पाय सटकला आणि त्यांनी हात टेकला. मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, भीती काही निघाली नाही. जी पाखाडी त्या धावत उतरायच्या, ती आता नवऱ्याचा दंड धरून उतरू लागल्या. खरं दुःख आणखी वेगळंच होतं. पडताना हात टेकायचा नसतो, आडवा आपटायचा असतो, हे त्यांच्याकडून तीस वर्षांपूर्वी कोणीतरी घोटून घेतलं होतं आणि ऐन वेळी अंग ते विसरलं.

घोटून घेणारे ज्युदोचे हरिश्चंद्र सर. माणूस हौशी, पण खिसा फाटका. मॅट आणणार कुठून? आंब्याची बाग मात्र होती. जूनमध्ये हापूस संपला की आंबे पिकवायच्या आढीतला भाताचा पेंढा मोकळा व्हायचा. तो पडवीत हातभर पसरायचा, वर ताडपत्री ताणून बांधायची, झाली मॅट! त्यामुळे सरांच्या ज्युदोचा हंगाम आंब्यानंतरच सुरू व्हायचा.

पद्मजा आणि मथुरा ही तिथली जोडी. मथुरा संगमेश्वराकडची, शेतकऱ्याची पोर. एकदा कमरेवर घेतलं की आपटल्याशिवाय सोडायची नाही. दोघींच्या केसांत पेंढ्याच्या काड्या आणि अंगाला पिकल्या आंब्याचा वास. एकदा कोल्हापूरला स्पर्धेला गेल्या. तिथली मॅट खरी, घट्ट. पेंढ्यात पाय रुततो म्हणून या दोघींना पाऊल उंच उचलून टाकायची सवय. ते उचललेलं पाऊल समोरच्या मुलींनी अलगद झाडलं आणि दोघी पहिल्याच फेरीत उताण्या! परतताना एसटी आंबा घाट उतरेपर्यंत त्या हसत होत्या. काय सुखाचे दिवस होते ते. पुढे लग्नं झाली, मथुरा मुंबईला गेली, सर वारले, आणि सगळं राहून गेलं.

आता पुन्हा काहीतरी शिकायचं म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी तायक्वांदो सुचवलं, तर तिथे गुडघे बोलू लागले. लाठी म्हणावी, तर मनगट. नवऱ्याचं, उन्मेषचं मत कराटेकडे. "एकटीने हात-पाय हलवायचे, कोणी पाडत नाही." कराटेचा वर्ग त्यांना आवडलाही. पण तिथून घरी येताना पाखाडीच्या पहिल्याच पायरीशी त्यांनी पुन्हा उन्मेषचा दंड धरला, आणि निवड तिथेच झाली.

"अगो, पडायला काय शिकायचं? ते आपोआप येतं," उन्मेष म्हणाले.

"आलं होतं की आपोआप," पद्मजाबाईंनी मनगट पुढे केलं.

ज्युदोच्या वर्गाची शिक्षिका तेजस्वी, चोवीस वर्षांची. तीन आठवडे तिने बाईंना उकिडवं बसून नुसतं लोळायला लावलं. चौथ्या आठवड्यात उभ्याने पाडायची वेळ आली, तेव्हा तीच कचरली.

"काकू, तुमचं पुढच्या आठवड्यात बघू या का?"

"पुढच्या आठवड्यात मी काय तिशीची होणार आहे? पाड गो मला."

तेजस्वीने बाही पकडली, कंबर आत घातली. बाईंचे पाय जमिनीवरून सुटले, छत फिरलं. आणि मनात काही यायच्या आत त्यांचा हात आडवा होऊन मॅटवर फाडकन आपटला. हनुवटी छातीशी, मनगट सुखरूप. अंग विसरलं नव्हतं! त्या तशाच पडून राहिल्या. डोळे भरून आले, मथुराची फार फार आठवण आली.

कोणी धावत आलं नाही. तेजस्वी कमरेवर हात ठेवून उभी होती. "उठा काकू," ती म्हणाली, "मागे रांग आहे."