बंद फाटकाचा देखावा

मालगाडीचा बराचसा काळ थांबण्यात जातो, हे मला उतारवयात कळले. महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर छोट्या रेल्वेचा छंद लागला, तेव्हा. त्यापूर्वी नगरहून श्रीरामपूरला जाताना बाजूच्या रुळावर ताटकळलेल्या मालगाड्या मी खिडकीतून अनेकदा पाहिल्या होत्या. परंतु त्या उभ्या आहेत म्हणजे कुणाला तरी वाट देत आहेत, असा विचार कधी मनात आला नव्हता.

मागच्या खोलीत, दिवाणाएवढ्या फळीवर, मी आमच्या भागात शोभेल असे एक लहान स्थानक उभारले. एक मुख्य मार्ग, त्याच्या शेजारी थांबण्याचा मार्ग, कांदा चढवण्याचा मालधक्का आणि टोकाला रस्त्यावरचे फाटक, त्यापुढे खोळंबलेली छोटी वाहने. कांद्याच्या गोण्या पत्नीने शिवल्या. जुन्या ओढणीची लाल जाळी आणि आत मोहरी. ‘‘एवढ्या मोहरीत वर्षाच्या फोडण्या झाल्या असत्या,’’ असे ती प्रत्येक गोणीला म्हणे आणि पुढची गोणी आधीपेक्षा सुबक शिवी.

या स्थानकावर घडणारा प्रसंग मी फार विचारपूर्वक बसवला होता. रिकाम्या डब्यांची मालगाडी येते, बाजूच्या मार्गावर सरकून थांबते. फाटक पडते. पॅसेंजर निघून जाते. मग मालगाडीचे इंजिन सुटते, धक्क्यावरचे भरलेले डबे जोडून घेते आणि रिकामे तेथे ठेवून सावकाश निघून जाते. तोवर फाटक बंदच. नाटकातील पात्र विंगेत जावे तशी ती गाडी पडद्यामागे जाई. हे सारे पाहणारे आम्ही दोघेच होतो आणि मला तेवढे पुरेसे वाटत होते.

गणपतीच्या आधी आमच्या कॉलनीच्या मंडळाचा अध्यक्ष शिडी मागायला आला. हा तरुण घोडेगावच्या बाजाराला जनावरे पोहोचवणारा टेम्पो चालवतो. शिडी मागच्या खोलीत होती. तो खोलीत गेला आणि शिडी विसरला.

‘‘सर, औंदा आपला हलता देखावा हाच.’’

‘‘ती मध्येच थांबते,’’ मी म्हणालो.

‘‘बिघाड हाय का काय?’’

‘‘नाही. मालगाडी थांबतेच. पॅसेंजरला वाट देते.’’

‘‘म्हंजे लोकांनी रांग लावून यायचं आन् उभी गाडी बघायची? सर, तुमी ती गोल फिरती ठेवा. वर लायटिंग सोडू, गाणं लावू.’’

‘‘गोल फिरवायचं असतं तर आम्ही जत्रेतला पाळणा आणला असता,’’ स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली.

वास्तविक मी अशा वेळी माघार घेणारा मनुष्य. वर्गाबाहेर चार माणसांसमोर बोलायचे झाले तरी मी वाक्ये आधी मनात रचतो. परंतु ती गाडी खेळण्यासारखी गरगर फिरताना मला दिसली आणि मी म्हणालो, ‘‘थांबणार असेल तरच देतो.’’ शेवटी तडजोड झाली. पहिली संध्याकाळ माझ्या पद्धतीने. लोक कंटाळून निघून गेले, तर दुसऱ्या दिवसापासून गाडी गोल फिरेल, गाण्यासह. निवेदन मात्र मीच करायचे, असेही त्याने जाता जाता सांगून टाकले. आणि शिडी घेऊन गेला.

मंडप अरुंद असल्यामुळे फळी आडवी बसेना. ती लांबीच्या दिशेने आत सरकवून लावावी लागली आणि फाटकाचे टोक लोकांच्या पुढ्यात आले. त्यांच्यासमोर कार्यकर्त्यांनी एक आडवा बांबू लावला होता. तो उचलला की आधीची मंडळी पुढे सरकून बाहेर पडायची आणि नवी समोरून त्याच वाटेने आत यायची.

पहिली संध्याकाळ. मालगाडी आली, बाजूला सरकली, थांबली. फाटक पडले. त्यानंतर, ठरल्याप्रमाणे, काहीच घडले नाही. माझ्या हातात माईक होता आणि रचलेली वाक्येही बाजूच्या मार्गावर थांबली होती.

‘‘बंद पडली,’’ पुढच्या एका गृहस्थांनी जाहीर केले. दोघे-तिघे जायला वळले. अध्यक्षाने माझ्याकडे पाहिले आणि त्याचा हात गाण्याच्या बटणाकडे गेला.

‘‘बंद कशानं पडंल?’’ मागून बाजाराची पिशवी घेतलेल्या एक बाई म्हणाल्या. ‘‘फाटक पडलंय न्हवं? गाडी यायची आसंल. दम धरा की जरा.’’

पॅसेंजर आली आणि गेली. वळलेले लोक पुन्हा पुढे वळले. मालगाडीचे इंजिन सुटून धक्क्याकडे निघाले.

‘‘आता तरी उघडा की.’’

‘‘न्हाई उघडत. शंटिंग चाललंय.’’

‘‘कांदा हाय वाटतं. भाव पडायच्या आत पोचवा म्हनावं.’’

‘‘आन् पुढं बघा, उसाचा ट्रॅक्टर उभा हाय. फाटक उघडलं तरी तुमची सुटका न्हाई, पाव्हनं.’’

हशा झाला. एकाने खिशातून शेंगा काढल्या आणि शेजारच्या अनोळखी माणसापुढे हात धरला. मी माईक हळूच खुर्चीवर ठेवला. तेवढ्यात त्या बाईंनीच बोट दाखवले. ‘‘पर सायेब, ह्या फाटकाम्होरच्या गाड्या अशा एकामागं एक कशा काय हुभ्या? कुठल्या देशातलं फाटक म्हनायचं हे?’’

खरोखरच, मी सगळी वाहने डाव्या बाजूला, समान अंतरावर, एका रांगेत उभी केली होती. मंडपातील साऱ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी वाकलो, रांगेतला शेवटचा टेम्पो उचलला आणि समोरून येणाऱ्यांच्या बाजूला, थेट फाटकाला भिडवून ठेवला.

टाळ्या पडल्या. ‘‘हां, आता आपलं फाटक,’’ कुणीतरी म्हणाले.

‘‘टेम्पो माझा हाय तो,’’ अध्यक्ष म्हणाला. त्याने खुर्चीवरचा माईक उचलला. ‘‘मंडळी, फाटक उघडल्याबिगर बांबू उचलला जानार न्हाई. हॉर्न वाजवून उपयोग न्हाई. मी लई वाजवून बघितलाय.’’

मालगाडी भरल्या गोण्यांसह पडद्याआड गेली, फाटक वर गेले आणि त्याच क्षणी बांबूही. बाहेर पडणारे अजून शेंगा खात रेंगाळले होते, आत येणारे मात्र घाईत होते; दोन्ही बाजूंचे लोक मध्यावर समोरासमोर आले आणि कुणालाच हलता येईना. ‘‘मागं घ्या, मागं घ्या,’’ असे प्रत्येक जण दुसऱ्याला हसत सांगत होता. त्या कोंडीत पत्नी एका नवख्या बाईला गोणीत मोहरी कशी भरावी, ते समजावून सांगत होती.

आरती झाल्यावर अध्यक्ष आला. गाण्याची वायर त्याने गुंडाळून काखेत धरली होती. तो काय म्हणेल याचा मला अजूनही भरवसा नव्हता.

‘‘सर,’’ तो म्हणाला, ‘‘फाटकाखालून वाकून जानारा एक मोटारसायकलवाला पायजे. आन् उद्या गाडी जरा जास्त थांबवा. शेंगावाला म्हनतो, गाडा मंडपाशेजारीच लावतो.’’