कान देऊन घडवलेली गाडी

नारायण उस्तादांची आणि माझी पहिली भेट एका चिरलेल्या नळीमुळे झाली. आमच्या भागातल्या जागीरदारसाहेबांनी विलायतेहून शर्यतीची मोटार आणवली होती. दोनच माणसांची बैठक, हातभर नव्हे चांगलं पुरुषभर लांब बॉनेट, ते बांधायला कातडी पट्टा, आत सहा सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर. तिच्या कंपनीचं नाव घेताना जालन्यात प्रत्येकाची जीभ वेगळीकडे वळायची, म्हणून सगळे तिला नुसतं ‘शर्यतवाली’ म्हणत. गाडीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते वाचून दाखवायला शाळेतून मला, म्हणजे इंग्रजीच्या मास्तरला, बोलावून नेलं. मी पोचलो तेव्हा गाडी बंद पडलेली होती. पेट्रोलची तांब्याची नळी चिरली होती, आणि तांब्याचं काम म्हणून कुणीतरी तांबटांच्या गल्लीतून उस्तादांना आणलं होतं.

उस्ताद तेव्हा पस्तिशी-चाळिशीच्या मधले होते. त्यांनी नळी जोडली, गाडी सुरू करायला सांगितली, आणि निघून जायच्या ऐवजी तिथंच मान तिरकी करून उभे राहिले. भांड्याला तडा आहे का हे तांबट बोटानं टिचकी मारून, आवाजावरून ओळखतो. तसंच ते ऐकत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, खालून कुठंतरी तडकल्यावानी वाजून राह्यलं. पुस्तकात बघा बरं, धूर कोणीकडून जातो?” मी पान काढून दाखवलं. धुराच्या नळीला, दिसायलाही कठीण अशी, केसाएवढी चीर सापडली. मुंबईहून गाडीसोबत आलेल्या फिटरला ती दिसली नव्हती. त्या दिवसापासून उस्ताद शर्यतवालीचे झाले, आणि त्यांना अक्षरओळख नसल्यामुळे मी उस्तादांचा झालो.

उस्तादांच्या साठीनिमित्त नेमलेल्या गौरव समितीच्या चिटणिसांनी मला बजावलं आहे की लेख प्रसन्न असावा, कारण तो समारंभात मोठ्यानं वाचला जाणार आहे. दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल शाई ओढण्यात माझा जन्म गेला. प्रसन्न निबंध कसा असतो ते मला चांगलं ठाऊक आहे. हा तसा उतरणार नाही. चिटणिसांनी राग मानू नये.

आधी उस्तादांच्या कामाविषयी लिहितो, कारण ते लिहिताना मला अजून बरं वाटतं. ते पुस्तक मी त्यांना तीनदा अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. मी वाक्याचं मराठी करायचो आणि उस्ताद त्याचं इंजिन करायचे. दोन कार्बोरेटर सारखे लावायचे तर दोघांच्या तोंडाशी हवा आत ओढल्याचा जो बारीक सुसकारा होतो, तो एकसारखा यावा लागतो. उस्ताद रबराच्या नळीचं एक टोक कानात धरत, दुसरं एकदा या तोंडाशी, एकदा त्या तोंडाशी नेत, आणि स्क्रू सुताएवढा फिरवत. त्या वेळी अंगणात कुणी खोकलेलं त्यांना चालत नसे. सुसकारे जुळले की ते नळी कानातून काढून नुसते “बराबर” म्हणत. मग जागीरदारसाहेब ती गाडी औरंगाबादच्या सडकेला घालत, आणि तिचा तो भरदार, एकसंध आवाज कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघं कान देऊन उभे राहत असू. मी आयुष्यात गाणं फारसं ऐकलं नाही. मला त्याची उणीव वाटली नाही ती त्या आवाजामुळे.

उस्तादांचा एक नियम होता. इंजिनाविषयी जे ऐकू आलं ते सांगायचं, मग समोर कोणी का असेना. एकदा गाडी हैदराबादेला एका शर्यतीसाठी निघायची होती. हार घातला गेला, जागीरदारसाहेब आत बसले, उस्तादांनी “बराबर” म्हटलं. मला मात्र इंजिनाच्या मागच्या बाजूला कसलीशी टकटक वाटत होती. मी चाचरत बोललो. मी मास्तर माणूस, मला काय कळतं, असं कुणीही म्हणालं असतं. उस्तादांनी हार काढायला लावला, सगळ्यांदेखत इंजिन उघडलं, एका व्हॉल्व्हची ढिली झालेली चकती बाहेर काढून तळहातावर धरली आणि म्हणाले, “सरकार, आज मास्तरांचा कान माझ्यापरीस चांगला निघाला.” एवढ्या मोठ्या कारागिरानं चारचौघांत असं बोलावं, याचं मला आजही नवल वाटतं. आमच्या शाळेत इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलेलं नाही, माझ्यासुद्धा.

त्यांचे माझ्यावर वैयक्तिक उपकार आहेत. माझी पत्नी बाळंतपणाला माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला गेली होती. तिथे ती अडली. निरोप घेऊन माणूस घोड्यावरून आला तेव्हा मी वर्गात होतो. मी धावत उस्तादांकडे गेलो. का गेलो ते मलाही सांगता येणार नाही. ते काही डॉक्टर नव्हते. ते उठले, जागीरदारसाहेबांकडे जाऊन म्हणाले, “गाडी नेऊन राह्यलो,” आणि उत्तराची वाट न पाहता निघाले. त्या दगडगोट्यांच्या वाटेवर शर्यतवाली त्यांनी कशी हाकली ते मी सांगत बसत नाही. परत येताना मात्र पत्नीला धक्का बसू नये म्हणून ते तीच गाडी इतक्या हळुवार चालवत होते की बैलगाडीवाले वळून बघत. मी मागच्या सामानाच्या जागेत अंग चोरून बसलो होतो. दवाखान्यात सगळं निभावलं. त्या दिवशी झालेली मुलगी आता मला व्याकरण शिकवते.

हे सगळं लिहिलं ते पुढचं लिहिता यावं म्हणून.

तांबटांच्या गल्लीत कुणी हळू बोलत नाही, हे जालन्यात सगळ्यांना माहीत आहे. जन्मभर हातोडी चालवणाऱ्याचे कान पन्नाशीच्या आतबाहेर जातात. उस्तादांच्या वडिलांचे गेले, थोरल्या भावाचे गेले. म्हणून इंजिनाचं वेड लागलं तेव्हा उस्तादांनी भांड्यांचा धंदा भावाच्या मुलांकडे सोपवला आणि हातोडी खाली ठेवली. पिढीजात काम सोडलं म्हणून घरात रुसवेफुगवे झाले. सात वर्षं त्यांनी कान डोळ्यांपेक्षा जपले. गल्लीतून जाताना कानात कापूस घालून जात, आणि लोक हसत.

मग धावड्याजवळ अपघात झाला. गुरं आडवी आली म्हणून जागीरदारसाहेबांनी चाक वळवलं आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. जीव कुणाचा गेला नाही. इंजिन शाबूत राहिलं. पण बॉनेट, पुढचे दोन्ही मडगार्ड आणि डावं अंग कागदासारखं चुरगळलं. मुंबईच्या एजंटांचं पत्र आलं की अंगाचं काम विलायतेतच होईल, गाडी बोटीनं पाठवावी लागेल, परत कधी येईल ते सांगता येत नाही. जागीरदारसाहेब म्हणाले, “जाने दो उस्ताद, जितना चली उतना बहुत हुआ.” त्यांनी कसलाही आग्रह केला नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आग्रह मी केला. ते पत्र वाचून दाखवलं आणि वर म्हणालो, “उस्ताद, जालन्यात तांबट असताना पत्रा ठोकायला गाडी विलायतेला जायची?” उस्तादांनी चुरगळलेल्या मडगार्डावरून बोट फिरवलं. “मास्तर, ठोकायचं म्हणजे पाच-सहा महिने ठोकाया लागंल,” ते म्हणाले. मी म्हणालो, “मग लागू द्या की.” मला त्यांच्या वडिलांचं, भावाचं सगळं माहीत होतं. तरी मी हे बोललो. माझ्या डोळ्यांपुढे फक्त गाडी होती, आणि आपल्या गावची फुशारकी.

ते अंग ॲल्युमिनियमचं, म्हणजे आपण ज्याला जर्मन म्हणतो त्याचं होतं. इंग्रजांच्या गाडीला जर्मनचं अंग, म्हणून आम्ही पहिल्या दिवशी हसलोही. तांबं मऊ करायचं तर लाल होईपर्यंत तापवतात. उस्तादांनी पहिला पत्रा भट्टीवर धरला आणि लाली चढायची वाट पाहिली. जर्मन लाल होतच नाही. तो पत्रा होता तसा, पांढराच्या पांढरा, एकाएकी वितळून निखाऱ्यांत पडला. लहानपणापासून कमावलेली नजर त्या एका क्षणात उपयोगाची राहिली नाही. “हे न सांगता जातंय,” एवढंच ते म्हणाले. मग तुकड्यांवर तुकडे जाळून त्यांनी युक्ती शोधली. पत्र्यावर धुण्याचा साबण घासायचा, तो तापून गुळासारखा काळपट झाला की पत्रा खाली घ्यायचा. पुस्तकात हे कुठेही नव्हतं. मी पुन्हा पुन्हा बघितलं होतं.

मग ठोकणं सुरू झालं. वाळूच्या पोतडीवर पत्रा, वर लाकडी हातोडा, नंतर लोखंडी. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. कापूस घातला की पत्र्याचा बोल समजत नाही, म्हणून त्यांनी कापूस काढून टाकला. बॉनेट झालं तेव्हा त्यावर, तांब्याच्या घागरीवर असतात तसे, मठारल्याचे, म्हणजे हातोडीच्या बारीक ठोक्यांचे, ठसे एका ओळीत उमटलेले होते. जागीरदारसाहेब बघून दचकले. “उस्ताद, ये क्या किये? मेरी गाड़ी को घागर बना दिये!” उस्ताद म्हणाले, “सरकार, गुळगुळीत पत्रा जोरात पळताना थरथरतो. मठारलेला थरथरत न्हाई. चालवून बघा.” साहेबांनी चालवून बघितली. परत आले ते बॉनेटवर हात फिरवतच उतरले, आणि पुन्हा कधी त्याविषयी बोलले नाहीत. विलायतेतल्या कुठल्याही कारखान्यानं असं बॉनेट पाहिलेलं नसेल. ते एकच आहे.

त्याच महिन्यात कार्बोरेटर लावताना उस्तादांनी रबराची नळी कानाला लावली, बराच वेळ धरली, आणि मग माझ्या हातात दिली. “मास्तर, सुसकारा येऊन राह्यला का बघा जरा.” येत होता. चांगला मोठ्यानं येत होता. मी हो म्हणालो. त्यांनी स्क्रूला हात लावला नाही. ते जाऊन हात धुवायला लागले.

आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे. पुढे लढाई आली, पेट्रोलला कुपनं लागली, टायर मिळेनासे झाले. जागीरदारसाहेब हैदराबादेला राहायला गेले आणि जाताना गाडी उस्तादांच्या छपरात ठेवून गेले. ती विटांवर उभी आहे. बैठकीचं कातडं उंदरांनी खाल्लं. मी शिकलो ते अर्धवट, आणि माझ्या हातात कसब नाही. नवे मेकॅनिक हुशार आहेत, पण ते सुटे भाग बदलतात. कान लावून उभं राहायला कुणाला वेळ नाही. उस्तादांबरोबर ही विद्या जाणार, आणि ती जाण्याची घाई मी केली. लोक म्हणतात मास्तर, मनाला लावून घेऊ नका, तांबटाचे कान तसेही गेलेच असते. कदाचित गेले असते. सात वर्षांचा कापूस बघितलेल्या माणसाला हे पटत नाही. काकू, म्हणजे उस्तादांच्या पत्नी, मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. चहा देताना त्या फक्त माझ्याकडे बघत नाहीत.

यंदाच्या खंडेनवमीला उस्तादांनी हत्यारांची पूजा केली आणि हट्टानं शर्यतवाली सुरू करायला लावली. बाटलीभर पेट्रोल मी कुठून मिळवलं ते विचारू नये. हँडल मारून मारून इंजिन लागलं. काय सांगू तुम्हाला! एक सिलिंडर मारतच नव्हता, दुसरा मधूनच धरायचा, मधूनच सोडायचा. रस्त्यावरची माणसं तोंड वाकडं करून बघत होती. उस्तादांनी मठारलेल्या बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवले, डोळे मिटले, एक स्क्रू फिरवला. आवाज आणखी बिघडला. त्यांचा चेहरा मात्र उजळला होता. मला खूण करून ते मोठ्यानं म्हणाले, “बराबर हाय ना मास्तर?”

मी मान हलवली. हसून हलवली.

उस्तादांना शंभर वर्षं आयुष्य लाभो, असं इथे लिहिण्याची रीत आहे. त्या बिनआवाजाच्या जगात आणखी चाळीस वर्षं, असा हिशेब मनात येतो आणि माझी लेखणी अडते. तरी लिहितो, कारण ते नसलेलं जालना मला सोसणार नाही. त्यांना उदंड आयुष्य लाभो, हात असेच धड राहोत, आणि ती गाडी बराबर आहे हा त्यांचा समज शेवटपर्यंत टिको. हा लेख वाचला जात असताना ते पुढच्या रांगेत बसलेले असतील. नंतर मला विचारतील, काय लिहिलं मास्तर, आणि मी सांगेन, तुमचं कौतुक. तुम्ही सगळ्यांनी खरं काय ते ऐकलंत. हात जोडून सांगतो, कुणी खुणेनंसुद्धा त्यांना ते कळू देऊ नका. आणि वाचणारा थांबला की टाळ्या हात उंच करून वाजवा, म्हणजे त्या त्यांना दिसतील.